ट्रॅकचे ब्रेक पॅड सिंहगडच्या घाटात कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हौशी रेसिंगवरचा लेख वाचला. पुण्यातली मुलं स्वतःच्या गाड्या घेऊन चेन्नई, कोइमतूरच्या ट्रॅकवर जातात, याची दखल एका मराठी वर्तमानपत्रानं घेतली हे चांगलंच झालं. पण त्यातलं एक विधान घशाखाली उतरेना. रेसिंगचे ब्रेक पॅड बसवले की गाडी लवकर थांबते, म्हणून शहरात आणि घाटातही तेच जास्त सुरक्षित, असं लेखक लिहून गेले आहेत. धायरीत माझं गॅरेज आहे आणि सिंहगडावरून उतरताना ज्यांचे ब्रेक गरम होतात ते पहिल्यांदा आमच्याच दारात येतात. सोमवारी शटर वर करतोय तोच दोघं जण पुरवणीचं पान मोबाइलवर उघडून उभे. त्यातल्या एकाला ते पॅड बायकोच्या गाडीला हवे होते. ती गाडी सकाळी कर्वेनगरच्या शाळेत जाते आणि दुपारी परत येते, एवढाच तिचा प्रवास.

गाडी थांबवतं कोण ते आधी बघू. पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला धरतो, डिस्क चाकाला धरते आणि चाक रस्त्याला. शेवटचा शब्द टायरचा. आजची कुठलीही धडधाकट गाडी घ्या, कंपनीच्याच पॅडवर ऐंशीच्या वेगात पेडल जोरात दाबा, पायाखाली एबीएस, म्हणजे चाक जखडू न देणारी यंत्रणा, धडधडायला लागेल. म्हणजे चाक जखडायला लागतो तेवढा जोर पॅडनं लावून झालेला आहे, टायरचीच पकड संपली आहे. त्यापुढे पॅडवर कितीही पैसे ओता, अंतर कमी होणार नाही. ते चांगल्या टायरनं होईल, टायरमधली हवा नीट ठेवल्यानं होईल. टायर कडक होऊन त्यांना बारीक चिरा पडल्या आहेत, आणि मालक पॅड कुठले घेऊ म्हणून विचारतोय, असे गिऱ्हाईक आमच्याकडे कमी नाहीत.

मग रेसिंगचा पॅड पैसे कशाचे घेतो? दहाव्यांदा दाबलेला ब्रेक पहिल्यांदा दाबल्यासारखाच लागावा, याचे. आणि हा दहावा ब्रेक फक्त ट्रॅकवर येतो.

हिशेब सोपा आहे. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक मारला की ती सगळी उष्णता बनून पॅड आणि डिस्कमध्ये शिरते. कर्वे रस्त्यावर 60 वरून गाडी पूर्ण थांबवली तर जेवढी उष्णता निघते, त्याच्या जवळजवळ पाचपट उष्णता ट्रॅकवर 150 वरून 70 वर येताना निघते. तिथं गाडी थांबलेलीही नसते, नुसती वळणापुरती हळू झालेली असते. वळण संपलं की पुन्हा ॲक्सिलरेटर, पुन्हा सरळ पट्टा, पुन्हा ब्रेक. कोइमतूरचा कारी स्पीडवे 2.1 किलोमीटरचा आहे, तिथं लहान गाडीला फार वेग गाठता येत नाही. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथं 2011 ते 2013 फॉर्म्युला वन झाली, पाच किलोमीटरच्या वर, आणि त्याचा एक सरळ पट्टाच किलोमीटरभर लांब. पंधरा-वीस मिनिटांच्या एका सत्रात डिस्कला निवायला उसंत मिळत नाही. गावातल्या वापरात डिस्क शंभर-दीडशे अंशांपर्यंत जाते. ट्रॅकवर पाचशेच्या वर जाणं ही रोजची गोष्ट आहे.

कंपनीचा पॅड एवढ्यासाठी बनवलेलाच नसतो. तो पावसाळ्यातल्या सकाळी, गार असताना, पहिल्याच सिग्नलला धरावा, आवाज करू नये, डिस्क खाऊ नये, यासाठी बनवलेला असतो. त्यातली सगळी द्रव्यं बांधून ठेवणारं रेझिन साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे जळायला लागतं. जळताना वायू निघतो, तो पॅड आणि डिस्कच्या मध्ये अडकतो आणि पकड सुटते. ट्रॅकच्या पॅडचं गणित उलटं. त्याची घडणच सहाशे-सातशे अंश सोसण्यासाठी केलेली असते. गार असताना त्यातले अनेक पॅड कुचकामी असतात. काहींना दोनशे अंश गाठल्याशिवाय हुरूपच येत नाही. आता ताम्हिणीत श्रावणातला पाऊस, धुकं, डिस्क ओलीचिंब, आणि वळणावर म्हैस आडवी. त्या पहिल्या दाबाला असा पॅड काय करील, याचा विचार लेखकानं करायला हवा होता. शिवाय तो कर्कश ओरडतो, चाकं काळी करतो आणि डिस्क घासून काढतो.

हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा मागं चेन्नईहून आला तो थेट गॅरेजवर. गाडी चाकणच्या कारखान्यात बनलेली पोलो, पुढे डिस्क, मागे ड्रम. ‘काका, ब्रेक लागतोय पण गाडी थांबत नाही.’ चाकं उतरवली. पॅडच्या पाठीच्या पत्र्यावरचा काळा रंग पापुद्र्यांनी सुटलेला. पॅडची कड राखाडी-पांढरी पडलेली, नखानं कोपरा खरवडला तर भुगा हातात. डिस्कवर निळसर झाक आणि मधोमध केसाएवढ्या चिरा. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिस्टनवरचं धूळ अडवणारं रबर कडक होऊन एका बाजूला फाटलेलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पॅडचा माल जेमतेम तीन मिलिमीटर उरलेला. रोजच्या वापरात एवढ्या पॅडवर अजून थोडे दिवस निघतात. ट्रॅकवर नाही निघत, कारण पॅडची जाडी हीच उष्णता पिस्टनपर्यंत न जाऊ देणारी भिंत असते. म्हणून अर्धा घासलेला पॅड ट्रॅकवर नेऊच नये असं मी सांगतो. उरलेला अर्धा गावात वापरा, वाया काही जात नाही.

या मुलाला मी पहिली गोष्ट बदलून दिली ती ब्रेक ऑइल. पॅड त्यानंतर. लेखात ऑइलचा उल्लेखच नाही, याचं मला खरंच नवल वाटलं. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. त्याचा तो गुणधर्मच आहे. डॉट 4 या प्रतीचं ऑइल नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असावा असं मानक सांगतं. तेच पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी प्यालं की 155 वर येऊन ठेपलं तरी चालतं. डॉट 3 चे हे आकडे 205 आणि 140, डॉट 5.1 चे 260 आणि 180. पुण्यातले दोन-तीन पावसाळे खाल्लेलं ऑइल नळीतून बाटलीत उतरतं तेव्हा गूळ घातलेल्या कोऱ्या चहासारखं दिसतं. अशा ऑइलवर ट्रॅकला गेलात की कॅलिपरमध्ये ते उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो, जोर पिस्टनपर्यंत पोचतच नाही. दोन-तीनदा पंप केलं की पेडल थोडं वर येतं आणि मालकाला वाटतं झालं ठीक.

हा फरक गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला कळला पाहिजे. पेडल दगडासारखं टणक आहे आणि गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल लिबलिबीत होऊन खाली चाललंय, तर ऑइल उकळलंय. वर्तमानपत्रांत दोन्हींना ‘ब्रेक फेल’ हाच एक शब्द. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा उतार आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. अवजड गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात, त्यात ऑइल उकळण्याचा प्रश्न नाही. पण लांब उतारावर गाडी न्यूट्रल करून नुसत्या ब्रेकवर सोडली की ड्रम आणि त्याला आतून घासणारं अस्तर, म्हणजे लायनर, तापून पकड सुटते, ती याच कारणानं. तिथंही इलाज महागडं लायनर नसून खालचा गिअर हाच आहे. सिंहगडावरून उतरणाऱ्यांनाही मी दुसरं काही सांगत नाही. दुसऱ्या गिअरमध्ये या, कंपनीचे पॅड आयुष्यभर पुरतील.

ब्रेकच्या अस्तराचा धंदाच मुळी उतारावर जन्माला आला, असं म्हणायला हरकत नाही. इंग्लंडात डर्बिशरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाच्या माणसानं घोडागाड्यांना उतारावर चाकं आवरताना पाहिलं. गाडीवान लाकडी ठोकळ्याला जुन्या बुटाचं कातडं ठोकायचे म्हणतात. त्यानं यापेक्षा टिकाऊ काही शोधायला घेतलं आणि 1897 मध्ये कंपनी काढली. फेरोडो हे नाव त्याच्याच आडनावाची अक्षरं फिरवून, त्यात एक अक्षर घालून झालं. हे सहज आठवलं म्हणून.

आता ज्यांना खरोखर ट्रॅकवर जायचंय त्यांनी पॅड निवडावा कसा? पॅडच्या कडेला किंवा पाठीवर बारीक अक्षरांची एक ओळ असते, तिच्यात बऱ्याचदा एफएफ, जीजी अशी दोन अक्षरं सापडतात. पहिलं अक्षर सर्वसाधारण तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं तापल्यावरच्या घर्षणाचं. ई म्हणजे घर्षणांक 0.25 ते 0.35, एफ म्हणजे 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. ही माहिती हल्ली सगळ्यांना असते आणि तिथंच घोटाळा होतो. मुलं जीजी बघून खूश होतात. पण ही चाचणी पॅडच्या इंचभर तुकड्यावर होते आणि तिचं तापमान साधारण 340 अंशांपर्यंतच जातं. ट्रॅकची गोष्ट त्याच्या पुढे सुरू होते. तेव्हा जीजी पॅड चारशेवर लोण्यासारखा झाला तरी ती अक्षरं खोटी ठरत नाहीत. बघायचा तो निर्मात्यानं दिलेला तापमान आणि घर्षणाचा आलेख. रेषा किती उंच आहे याला मी फार भाव देत नाही, ती किती सपाट आहे आणि कुठे खाली वळते ते बघतो. जो निर्माता आलेखच देत नाही, त्याचा पॅड ट्रॅकचा आहे हे फक्त डबा सांगतो. एका गिऱ्हाइकानं कुठूनसे ऑनलाइन मागवलेले ‘रेसिंग’ पॅड आणले होते. त्यावर कसलंच अक्षर नव्हतं, पाठीच्या पत्र्याला धार तशीच होती आणि माल पत्र्याला चिकटला होता त्या सांध्यात पातळ पाना शिरत होता. बसवले नाहीत. तो रागावून गेला, जाऊ दे.

आपली डिस्क किती तापते हे अंदाजानं ठरवायचीही गरज नाही. डिस्कच्या कडेला लावायचे रंग मिळतात, जे 430 (हिरवा), 560 आणि 610 अंशांवर पालटतात. तीन ठिपके द्या, एक सत्र चालवून या, ठिपके बघा. हिरवाच पालटला असेल तर हजारो रुपयांचा शर्यतीचा पॅड घेऊन तुम्ही तो कधी पुरता तापवणारच नाही. माझ्या मते कारीसारख्या लहान ट्रॅकवर पहिल्यांदा जाणाऱ्यानं कंपनीचेच नवे पॅड, ताजं डॉट 4 ऑइल आणि चांगले टायर एवढ्यावर जावं, चार-पाच फेऱ्यांनंतर एक फेरी ब्रेक न मारता निवांत घ्यावी. वेग वाढला, ठिपके बोलायला लागले, की मग मधला पॅड घ्यावा, जो गार असतानाही बऱ्यापैकी धरतो आणि पाचशेपर्यंत तग धरतो. निव्वळ शर्यतीचा पॅड त्यालाच शोभतो जो तिथं पोचून पॅड बदलतो आणि निघताना पुन्हा जुने चढवतो. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लायडर पिनांना ग्रीस असेल तर पुढचे दोन्ही बदलायला अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे.

गंमत म्हणजे जो महामार्ग आमच्या डोक्यावरून, नवले पुलावरून जातो, तोच 48 नंबरचा रस्ता सातारा, कोल्हापूर, बेळगाव, बंगळूर करत इरुंगट्टुकोट्टईला पोचतो. पोलोवाल्या त्या मुलाचा पुढच्या खेपेला हेका होता की इथूनच शर्यतीचे पॅड चढवून निघायचं. हजार किलोमीटरच्या वरचा रस्ता, त्यात खंबाटकी, त्यात पाऊस, ब्रेक जवळजवळ सगळा वेळ गार. मी पॅड कागदात गुंडाळून डिकीत ठेवायला लावले.

पुढचे पॅड जोरकस आणि मागे जुना ड्रम, असं केलं की ब्रेकचा तोल आणखी पुढे सरकतो. पुढची चाकं लवकर एबीएसवर जातात, मागची नुसती सोबत करतात, आणि एकूण थांबायचं अंतर वाढूही शकतं. उलट, मागे डिस्क असलेल्या गाडीला कुणी फक्त मागचे पॅड जोरकस घातले तर वळणात शिरताना शेपूट फिरायला वेळ लागणार नाही. म्हणून पुढे-मागे एकाच घराण्यातला माल घ्यावा, आणि ड्रम असेल तर पुढच्या निवडीत हात आखडता घ्यावा. भोकं पाडलेल्या डिस्क दिसायला झोकदार असतात. ट्रॅकवर चिरा बहुतेक त्या भोकांपासूनच सुरू होतात. साधी, पोटात हवा खेळणारी डिस्क उत्तम.

नवा पॅड चढवल्यावर तो डिस्कवर घासून बसवावा लागतो, याबद्दल लेखात अर्धीच ओळ आहे. शंभरवरून वीसपर्यंत हळूहळू वाढत्या जोरानं गाडी खाली आणायची, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा वेग घ्यायचा, असं आठ-दहा वेळा. मग ब्रेक न लावता निवू द्यायची. यात पॅडच्या मालाचा एक पातळ, एकसारखा थर डिस्कवर चढतो आणि पुढची पकड त्या थराची असते. तापलेल्या पॅडनं डिस्क एका जागी धरून ठेवली की तिथं थर जाड बसतो आणि पेडल थरथरायला लागतं. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा वाकलेली नसते. म्हणूनच ट्रॅकवरून आल्या आल्या पाय ब्रेकवर ठेवून गप्पा मारू नयेत, हँडब्रेकही ओढू नये, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला वीट लावावी. दोन जातीचे पॅड आलटून-पालटून वापरणाऱ्यानं शक्य असेल तर डिस्कही दोन जोड ठेवाव्यात. आणि हे पॅड घासून बसवण्याचं काम रात्री बायपासवर करणारी मंडळी मला माहीत आहेत. कृपा करून ते ट्रॅकच्या पहिल्या सत्रात करा. बायपासवर तुमच्या मागे कोण येतोय आणि त्याचे ब्रेक कसे आहेत, हे तुम्हाला ठाऊक नसतं.

विम्याचंही लेखकानं सांगायला हवं होतं. आपल्याकडच्या मोटार विम्यात आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठी गाडी वापरणं स्पष्ट वगळलेलं असतं. ट्रॅकवर भिंतीला गाडी लागली तर खर्च घरचा.

ज्या शहरात गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआय संस्थेची टेकडी आहे, चाकणला ब्रेक बनवणारे कारखाने आहेत आणि निवृत्त ब्रेक इंजिनिअर गल्लीगल्लीत सापडतात, तिथल्या वर्तमानपत्राला हे तपासून घ्यायला कुणी मिळू नये, हे पटत नाही. रोजच्या वापराविषयीचं ते विधान त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत दुरुस्त करावं. सोबतच्या छायाचित्राचंही बघावं. रेसिंगचे ब्रेक पॅड बसवलेलं मागचं चाक म्हणून जे छापलंय, त्यातला लाल रंग दिलेला गोल भाग ड्रम आहे. ड्रमला पॅड नसतात, लायनर असतात.

आपला,
एक गॅरेजचालक वाचक,
धायरी, पुणे